कडा मोडलेलं इंजिन

आमच्या घरात टोक म्हणून कुठे शिल्लक नाही. टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज आहे, कपाटांच्या मुठींना जुने पायमोजे आहेत, आणि टीव्हीखालच्या फळीला मी अशी जाड गादी गुंडाळलीय की येणाऱ्याला वाटतं टीव्ही आजारी आहे. भुंगी रांगायला लागायच्या आधीच मी हे सगळं उरकून ठेवलं. (भुंगी म्हणजे आमची मुलगी. दिवसभर गुणगुणत असते म्हणून हे नाव पडलं. चांगलं नाव कपाटात कागदपत्रांत आहे.) त्यासाठी मी स्वतः तिच्या उंचीवरून, म्हणजे गुडघे आणि तळवे टेकून, सगळ्या घराची पाहणी केली. नेमका तेव्हाच कुरियरवाला उघड्या दारात येऊन उभा राहिला.

"काही हरवलंय का, मॅडम?"

"नाही," मी खालूनच म्हणाले, "कुठे कुठे लागू शकतं ते बघतेय."

त्याने पार्सल उंबऱ्यावर ठेवलं आणि सहीसुद्धा न घेता निघून गेला.

तर अशा घरात माझ्या मामाने लेथ आणून ठेवला.

लेथ म्हणजे धातूचा तुकडा गरगर फिरवायचा आणि त्याला धारदार हत्यार लावून बटाट्यासारखं सोलायचं यंत्र. कारखान्यांत असतात ते खोलीएवढे. मामाचा शिलाई मशीनएवढा. मामाला छोटी छोटी, पण खरोखर चालणारी इंजिनं घडवायचा नाद. तो लहान घरात राहायला गेला, लेथला जागा उरली नाही, आणि त्याच सुमारास मला बाळ झालं. लोक बाळाला बघायला येताना झबली आणतात. मामा हमाल घेऊन आला.

"बाळाला आणलंत हे?" माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, विचारलं.

"बाळाला कशाला? बाळाच्या आईला. भाचीचं डोकं फिरायच्या आत तिला दुसरं काहीतरी फिरवायला हवं."

मामाचं बोलणं मला लागलं, कारण ते खरं होतं. भुंगी झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरते. श्वास लागला की बरं वाटतं. मग वाटतं, बोटाने जाग तर नसेल ना आली? नसेल आली तर का नसेल आली? इतकी कशी गाढ झोपली? म्हणून परत बोट धरते. नवरा म्हणतो, "तू तिला झोपवत नाहीस, तिची हजेरी घेतेस." त्याला काय जातंय बोलायला.

मामाने जाताना धडा दिला. "धातू कापला की त्याची ताजी कड ब्लेडसारखी असते. म्हणून कुठलाही भाग तयार झाला की पहिलं काम, कानस घेऊन कडा मोडायच्या, म्हणजे धार घालवायची. हलकेच."

माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. या जगात माझ्यासारखा विचार करणारा एक तरी धंदा होता! त्या आनंदात 'हलकेच' माझ्या कानावरून गेलं.

कपडे वाळत घालायच्या बाल्कनीत लेथ बसला. मी नियम केले. बाल्कनीचं दार बंद. डोळ्यांवर गॉगल, डोक्यावर अंघोळीची प्लास्टिकची टोपी. काम झालं की कपडे बदलायचे, फरशी पुसायची, आणि पितळेच्या किसाचा एक कणसुद्धा राहू नये म्हणून सगळीकडून लोहचुंबक फिरवायचं. हे चुंबक मी खास शोधून आणलं. पहिल्या दिवशी फिरवलं, एक कण चिकटला नाही. फरशी स्वच्छ! मी समाधानाने बाहेर आले, तर नवरा म्हणाला, "पितळ चुंबकाला चिकटतं का गं?"

मी पदार्थविज्ञानाची पदवीधर आहे. पितळ चुंबकाला चिकटत नाही हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत. चुंबक मुकाट्याने फ्रिजवर लावून टाकलं आणि दुसऱ्या दिवसापासून चिकटपट्टीचे तुकडे हाताला उलटे गुंडाळून फरशी थापटायला लागले.

मामाने आखून दिलेलं इंजिन सगळ्यांत सोपं होतं, असं मामाचं म्हणणं. एक उभी पट्टी. तिच्यावर खिळीला टांगलेलं अंगठ्याएवढं सिलेंडर. आत दट्ट्या, आणि दट्ट्याला जोडलेलं एक चाक. पट्टीला शेजारी शेजारी दोन बारीक भोकं. एकातून वाफ किंवा हवा आत यायची, दुसऱ्यातून बाहेर जायची. सिलेंडर डुलत डुलत कधी या भोकासमोर येतं, कधी त्या, आणि त्या डुलण्यावर चाक फिरतं. खरं तर ते वाफेवर चालतं. पण उकळतं पाणी मी घरात फक्त चहापुरतं सहन करते, त्यामुळे वाफेचा प्रश्नच नव्हता. नुसत्या दाबाच्या हवेवरही चालतं, असं मामा म्हणाला. आणि हवा घरात होती! भुंगीला सर्दी झाली तर असावा, म्हणून मी तिच्या जन्माआधीच नेब्युलायझर आणून ठेवला होता. भुंगीला सर्दी झालीच नाही. एवढं चांगलं मशीन नुसतं पडून होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं थोडं वाईटच वाटत होतं.

आता यात आमच्या भुंगीने घातलेली भर.

लेथची घरघर सुरू झाली की ती झोपायची. जोजवणं नाही, थोपटणं नाही, घरघर सुरू आणि डोळे बंद. मीही मग खुशीत काम करायचे. पितळेचा सोनेरी कीस हत्याराखालून वळत वळत यायचा, आणि मला एकदम आठवायचं की बऱ्याच वेळात आपण कुणाच्या नाकाखाली बोट धरलेलं नाही. दिवसातला तेवढाच वेळ मी कशालाच घाबरलेली नसायचे. पण लेथ थांबला की भुंगी जागी. म्हणजे मी अंघोळीला गेले की कुणीतरी लेथ चालू ठेवायला हवा. नवरा ऑफिसात. उरल्या आई. त्या आधी नुसतं बटण दाबून शेजारी खुर्ची टाकून बसायच्या. मग म्हणाल्या, "रिकामाच फिरतोय मेला, बघवत नाही." आणि एक दिवस मी ओल्या केसांनी बाहेर येऊन बघते तर गॉगल, टोपी घालून आई पितळेची कांडी सोलतायत.

वरच्या काकू सल्ला द्यायला खाली आल्या. त्या सल्ला द्यायलाच खाली येतात, साखर-बिखर निमित्त. "पोरीला असली सवय लावू नका गं. उद्या लग्न होऊन गेली की सासरी लेथ पाठवणार आहात का?"

"आम्हाला आला तसा तिलाही येईल," आई म्हणाल्या.

खालचे काका मात्र सल्ल्यावर थांबणाऱ्यातले नव्हते. निवृत्त झाल्यापासून ते इमारतीची नाडी बघतात. कुठे ओल आली, कुणाचा नळ ठिबकतो, सगळं त्यांना आधी कळतं. एके सकाळी ते पाण्याने भरलेला पेला घेऊन दारात उभे.

"सूनबाई, हे बघ. पाणी थरथरतंय. पाया हलतोय इमारतीचा!"

पेला त्यांच्या हातात होता, आणि थरथरत त्यांचा हात होता. शिवाय त्या वेळी लेथ बंद होता. पण मोठ्या माणसाला हे सांगायचं कसं? मी म्हटलं, "काका, आत या, बसा." ते बसले. पाणी थरथरायचं थांबलं. "बघा," ते विजयाने म्हणाले, "मी आलो आणि तुम्ही बंद केलंत."

तक्रार कमिटीकडे गेली. आवाज सकाळीही येतो आणि दुपारीही, त्या अर्थी घरात दोन पाळ्यांत कारखाना चालतो, असा काकांचा निष्कर्ष. चौकशीला सेक्रेटरी आले ते नेमके दुपारी. मी केस धूत होते. दार उघडं होतं. डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आले तर आई लेथवर, आणि सेक्रेटरी बाल्कनीच्या काचेला नाक लावून उभे.

"आजी, आपण इथे काय करता?"

"दुपारची पाळी," आई काचेआडून ओरडल्या. "सकाळची सुनेची!"

त्या क्षणी धरणीने मला पोटात घेतलं असतं तर मी तिचे आभार मानले असते.

"तयार माल कुठे जातो?" सेक्रेटरींनी मला विचारलं.

मी तयार माल आणला. तो भुंगीच्या लाळेऱ्यात गुंडाळलेला होता, कारण घरात तेवढंच मऊ फडकं. सेक्रेटरींनी लाळेरं उलगडलं, अर्धवट झालेलं इंजिन उलटसुलट केलं.

"नळाची तोटी चांगली झालीय."

"तोटी नाही, इंजिन आहे."

"इंजिन?" त्यांचा चेहरा बदलला. तोटीला त्यांची हरकत नव्हती. "किती हॉर्सपॉवरचं?"

पदार्थविज्ञानाच्या पदवीधरने डोक्यावरचा टॉवेल सावरला. मला खरंच माहीत नव्हतं. माहीत असतं तरी डोक्याला टॉवेल असताना मी काय तोंडाने सांगणार?

सेक्रेटरी वाईट माणूस नाही. नियमाचा माणूस आहे. त्यांनी मला नीट समजावलं. राहत्या घरात खेळणं चालतं, कारखाना चालत नाही. आता हे इंजिन जर चालत असेल, तर ते खेळणं. पण ते जर चालत नसेल, तर तो यंत्राचा सुटा भाग झाला. सुटा भाग म्हणजे उत्पादन, उत्पादन म्हणजे कारखाना. "तेव्हा रविवारी कमिटी येईल. चालवून दाखवा. चाललं तर मिटलं. नाही चाललं तर लेथ इथून हलवावा लागेल, वहिनी. आणि हॉर्सपॉवर तेवढी काढून ठेवा, काका विचारतील."

ते गेल्यावर मी बाल्कनीत जाऊन उभी राहिले. लेथ गेला तर काय होणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी परत भुंगीच्या उशाशी बसणार, बोट धरून, दिवसभर.

उरलेले भाग मी जीव ओतून केले. आणि प्रत्येक भागाच्या कडा मोडल्या. चाकाच्या मोडल्या, पट्टीच्या मोडल्या, सिलेंडरच्या आतबाहेर मोडल्या. स्क्रूची डोकीसुद्धा मी गालासारखी गुळगुळीत केली. त्यामुळे पेचकस बसेना, तेव्हा ते पकडीने पिळावे लागले. शेवटी पट्टीची ती दोन बारीक भोकं. त्यांच्या काठांवर बोट फिरवलं तर किंचित खरखर लागली. मग मी मोठं ड्रिल घेतलं आणि दोन्ही भोकांचे काठ छान पसरट, बशीसारखे करून टाकले. आता कुठेही, काहीही लागणार नव्हतं.

रविवारी कमिटी आली. म्हणजे सेक्रेटरी आले, वरच्या काकू आल्या (त्या खजिनदार आहेत), आणि खालचे काका जिन्यातलं आग विझवायचं लाल नळकांडं कवटाळून आले. ते आत येईनात. दाराच्या चौकटीत उभे राहून म्हणाले, "तुम्ही सुरू करा. मी इथून बघतो."

टेबलावर, स्पंज लावलेल्या कोपऱ्यांच्या मधोमध, माझं इंजिन. झळझळीत. नेब्युलायझरची नळी जोडलेली.

"हे कसलं यंत्र?" सेक्रेटरींनी नेब्युलायझरकडे बोट दाखवलं.

"ते सर्दीचं," नवरा म्हणाला. "म्हणजे इंजिनाला सर्दी नाही. हवा येते त्याच्यातून."

मी बटण दाबलं. चाकाला बोटाने टिचकी मारली.

फुस्स.

पुन्हा टिचकी. चाक माझ्या टिचकीपुरतं फिरलं आणि थांबलं. फुस्स. सगळे पुढे वाकून ऐकत होते. दहावी की कितवीतरी टिचकी मारताना माझ्या लक्षात आलं की खोलीत आता कुणीच कुणाकडे बघत नाहीये. लोक मेलेल्या माणसाच्या घरी बसतात तसे बसले होते.

"आवाज तरी छान येतोय," नवरा म्हणाला.

"गॅस गळतोय!" दारातून काका.

सेक्रेटरींनी चहाचा कप खाली ठेवला. "वहिनी, चहा उत्तम झालाय. म्हणून एक रविवार आणखी देतो. पुढे माझ्या हातात नाही."

लोक गेल्यावर नवऱ्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. "एवढं काय त्यात? बाजारात असली चालणारी इंजिनं मिळत असतील. एक आणू, तेच दाखवू. त्यांना काय कळतंय!"

मी त्याच्याशी बोलणं सोडलं. घरात राहून, समोर बसून जेवून बोलणं सोडायला किती मेहनत पडते, हे ज्यांनी सोडलंय त्यांनाच कळेल. मीठ हवं असलं की मी भुंगीला सांगायचे, "बाबांना म्हणावं, मीठ." भुंगी गुणगुणायची. मीठ यायचं.

हवा जाते कुठे, हे शोधायला मी भुंगीचा अंघोळीचा साबण पाण्यात घुसळला, इंजिनावर फासला आणि नेब्युलायझर सुरू केला. बुडबुडे आले. एवढे आले की भुंगी किंचाळत टाळ्या पिटायला लागली. पण मी बघत होते ते वेगळंच. सिलेंडर पहिल्या भोकासमोर असताना बुडबुडे दुसऱ्या भोकातून येत होते. हवा सिलेंडरमध्ये शिरतच नव्हती. या दारातून येऊन परस्पर त्या दारातून बाहेर! दोन भोकांच्या मध्ये जी थोडीशी सपाट जागा मामाने सोडायला सांगितली होती, ती मी काठ पसरट करता करता खाऊन टाकली होती.

मामाला फोन लावला.

"भोकांच्या कडा मोडल्यास?" मामा ओरडला. "अगं, सगळ्या इंजिनात त्या दोनच कडा धारदार लागतात! तिथे हवा कापली जाते. कशाला मोडल्यास?"

"बोट गेलं असतं तर?"

"कुणाचं?"

"भुंगीचं."

मग मामा अगदी मायेने म्हणाला, "बाळा, त्या भोकात मुंगीचंसुद्धा बोट जाणार नाही."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत असणं आणि हात थांबणं यांत फार अंतर असतं, एवढंच.

नवी पट्टी करायला घेतली. भोकं पाडली. काठ स्वच्छ, करकरीत उमटले. प्रकाशात धरले की चमकायचे. हात आपोआप कानशीकडे गेला. मी तो मागे घेतला, तर तो पुन्हा गेला. शेवटी मी कानस आणि मोठं ड्रिल आईंच्या हवाली केलं. "आई, हे लपवा. मी कितीही मागितलं तरी देऊ नका."

"रडलीस तरी?"

"रडले तरी."

त्यांनी ते डाळीच्या डब्यात लपवलं, हे मला लगेच कळलं, कारण आमच्या घरी काहीही लपवलं तरी ते डाळीच्या डब्यातच असतं. संध्याकाळपर्यंत मी त्या डब्यासमोरून बऱ्याच वेळा गेले. पण झाकण उघडलं नाही. हे माझ्या आयुष्यातलं मोठं कर्तृत्व आहे, आणि ते कुणालाही सांगता येण्यासारखं नाही.

दुसऱ्या रविवारी तीच मंडळी, तोच चहा, दारात तेच लाल नळकांडं. वरच्या काकूंनी भुंगीला मांडीवर घेतलं. मी बटण दाबलं. घाईत टिचकीच नीट बसली नाही. चाक जेमतेम हललं.

टुक.

टुक. टुक. टुकटुकटुकटुक.

सिलेंडर मान डोलवत होतं. चाकाचे आरे दिसेनासे झाले. नवरा, ज्याच्याशी मी अजून बोलत नव्हते, माझ्याकडे बघून असा हसला की मी तिथल्या तिथे त्याच्याशी बोलायला लागले. "बघितलंस?" म्हटलं. "विकत आणणार होतास!"

सेक्रेटरी चष्मा वर करून वाकले. "चालतंय खरं."

"हॉर्सपॉवर विचारा," दारातून काका. "फुटलं तर काय करायचं? आधी हॉर्सपॉवर विचारा!"

सगळ्यांचं लक्ष काकांकडे गेलं, आणि तेवढ्यात भुंगी काकूंच्या मांडीवरून टेबलावर ओणवी झाली. गुणगुणत. तिने बोट पुढे काढलं. आई "अगं अगं" म्हणाल्या, काकूंनी तिचा फ्रॉक धरला, नवरा खुर्चीवरून उठला. मी सगळ्यांत जवळ होते. माझा हात वर आला होता. तिचं मनगट पकडायला मला अर्धा श्वाससुद्धा लागला नसता. पण ते चाक मी घडवलं होतं. त्याचा प्रत्येक काठ माझ्या बोटाखालून गेलेला. धार होती ती पट्टीच्या पोटात, झाकलेली, आणि मी ती जाणून, मुद्दाम, ठेवलेली. हात मी तसाच वर ठेवला.

भुंगीने चाकाला बोट लावलं.

फुस्स. इंजिन थांबलं.

भुंगीने बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिने बोट ओढून घेतलं, ओढताना चाकाला झटका बसला, आणि टुकटुकटुक पुन्हा सुरू. ती एवढ्या मोठ्याने हसली की दारातले काका दचकले. तिने पुन्हा बोट लावलं. फुस्स. काढलं. टुकटुकटुक.

सेक्रेटरी सरळ उभे राहिले. "काका, हॉर्सपॉवर मिळाली. एका बोटापेक्षा कमी. तेही इतक्याशा."

"मला दिसलं नाही इथून," काका म्हणाले. पण नळकांडं त्यांनी खाली ठेवलं, पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत आले, आणि स्वतःचं बोट लावून बघितलं. फुस्स. मग काकूंनी लावलं. मग सेक्रेटरींनी, "नियम म्हणून". नंतर काकांनी पुन्हा एकदा लावलं, कारण त्यांच्या मते मघाशी नीट तपासणी झाली नव्हती. लेथचं प्रकरण तिथेच मिटलं. पण काका काही उठेनात, आणि इंजिन शेवटी त्यांच्या हातातून काढून घ्यावं लागलं.

दुपारी भुंगीला पाळण्यात ठेवलं. सवयीने बोट तिच्या नाकाखाली न्यायला गेले, तर ते तेलाने आणि पितळेने काळं झालेलं. धुवून यावं म्हणून निघाले. पण न्हाणीघर डावीकडे आणि बाल्कनी उजवीकडे, आणि माझे पाय उजवीकडे वळले. घरघर आधीच सुरू झालेली होती. काचेआड टोपी, गॉगल आणि फिरणारी पितळेची कांडी.

मी काचेवर टकटक केलं. "आई, जरा मला द्या ना. मला दुसरं इंजिन सुरू करायचंय."

आईंनी मानसुद्धा वळवली नाही.

"सकाळी ये," त्या म्हणाल्या. "दुपारची पाळी माझी आहे. आणि डाळीच्या डब्यातली कानस मी घेतलीय, शोधू नकोस."